सोजरबाईची भूक

पिंपरीच्या वस्तीत जयसिंगच्या बायकोला, सोजरबाईला, सगळे खादाड म्हणत. तोंडावर नाही, पण तिच्या कानावर येई. सासू केसरबाईनं तर गुळाचा डबा पेटीत ठेवून कुलूप घातलं होतं.

सोजरबाईला चवीची हौस नव्हती. सकाळी उठली की हात कापायचे, दरदरून घाम सुटायचा, जीभ अडखळायची. गोड पोटात गेलं की ती माणसात यायची. म्हणून ती पदराच्या टोकाला गुळाचा खडा बांधून ठेवी आणि न्हाणीत जाऊन चोरून खाई. दोनदा मुतखड्यानं लोळली होती. पस्तिशीतच पाळी थांबली होती, पण हे ती नवऱ्यालाही बोलली नव्हती.

१९७६च्या बुद्धपौर्णिमेला विहारात खिरीचं पातेलं ठेवलं होतं. झाडलोट, पताका यांच्या गडबडीत सोजरबाई उपाशीच राहिली. वंदना चालू असताना ती एकाएकी उठली आणि सगळ्यांदेखत पातेल्यात हात घालून खीर ओरपू लागली. जयसिंगनं दंड धरला, तर ती त्याला ओळखेना.

"प्यालीया का काय?" मागून एक बाई म्हणाली. कोणीतरी हसलं.

भान आलं तेव्हा तिचे हात कोपरापर्यंत चिकट होते आणि पोरं टक लावून बघत होती. त्या दिवसापासून ती नळावर जाईना. दारात कोणी आलं की आत जाऊन भिंतीकडं तोंड करून बसे.

जयसिंगनं कंपनीत रजा टाकून तिला पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथं तिला उपाशी ठेवून रक्त तपासलं. साखर फार खाली गेली होती. डॉक्टरीणबाईंनी तिचे खडे, पाळी, सगळं विचारलं. मग म्हणाल्या, "माहेरी असं कोणाला होतं?"

"माझ्या भावाला, भीमराजला खडे हायेत."

"आणि वडील?"

सोजरबाईनं जयसिंगकडं पाहिलं. वडील तापानं गेले, असं तिनं सासरी सांगितलं होतं. शेवटी खाली मान घालून ती म्हणाली, "रक्ताच्या उलट्या झाल्या. लई दारू प्यायचे, असं लोक म्हणायचे."

"तुम्ही पिताना पाहिलं होतं?"

ती आठवू लागली. वडील लटपटत घरी यायचे, बरळायचे, तिच्या हातातली भाकर ओढून खायचे. पण त्यांच्या तोंडाला वास?

"न्हाई," ती म्हणाली. "कधीच न्हाई."

डॉक्टरीणबाईंनी समजावलं. या आजारात शरीरातल्या वेगवेगळ्या ग्रंथींना गाठी होतात. पोटातली गाठ साखर उतरवते, मानेतल्यांमुळं खडे होतात, डोक्यातलीमुळं पाळी थांबते. काहींच्या पोटात जखमा होऊन रक्तही पडतं. आजार आईबापाकडून मुलांत उतरतो.

पोटातल्या गाठीचं ऑपरेशन झालं आणि सोजरबाईचा घाम, कापरं थांबलं. मानेचं पुढं करायचं ठरलं. केसरबाईनं गुळाच्या पेटीचं कुलूप काढलं.

हिंडायला लागल्यावर सोजरबाई देहूरोडला आईकडं गेली. भीमराजला दवाखान्यात जायला बजावलं. मग आईला, शालनबाईला, सगळं सांगितलं. म्हातारी तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला.

"शेवटाला तुझा बाप दारात आला व्हता," ती म्हणाली. "प्यालाय समजून म्या कडी लावली."

"मी बी आतच व्हते, आई," सोजरबाई म्हणाली.

दोघींनी एकमेकींकडं पाहिलं नाही.