लंडनकाकू कशाला हसायच्या

लंडनकाकू दुसऱ्यांच्या घरातला टीव्ही बंद करायच्या. कुणाला न विचारता, पदर खोचून, बसलेल्या माणसांमधून वाट काढत थेट सेटपर्यंत जायच्या आणि बटण दाबायच्या. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला अमेरिकेत येऊन जेमतेम दोन महिने झाले होते. नागपूरहून स्टॅटिस्टिक्समध्ये एम.एस. करायला मी नॉर्थ कॅरोलिनात आले होते आणि तिथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीला कुणीतरी मला गाडीत घालून कॅरीला, मंडळाच्या अध्यक्षांच्या घरी नेलं होतं.

ऐंशीच्या दशकाची ती सुरुवात. व्हीसीआर नवा होता आणि अध्यक्षांकडे तो होता. शिवाय त्यांनी एक कॅसेट मिळवली होती. इंग्लंडची कॅसेट अमेरिकेतल्या मशीनवर चालत नाही, म्हणून न्यू जर्सीच्या कुणाकडून तरी ती खास बदलून आणली होती. एका लॉन्ड्रीत घडणारी जुनी ब्रिटिश कॉमेडी. तिच्यात मिस्टर गुप्टा नावाचा एक भारतीय नोकर होता. काम करणारा नट गोरा, चेहऱ्याला तपकिरी रंग फासलेला. मालक ओरडला की तो हात जोडायचा, मान डोलवायचा आणि म्हणायचा, "व्हेरी सॉरी, व्हेरी हॅपी!" पंचवीस-तीस मराठी माणसं कार्पेटवर बसून पोट धरून हसत होती. मीही हसत होते.

आणि पडदा काळा झाला. सेटच्या बाजूला मोरपंखी साडीतली एक ठेंगणी बाई उभी होती.

"अहो वहिनी, गंमत आहे नुसती," अध्यक्ष म्हणाले.

"त्या माणसाचा रंग शूटिंग संपलं की धुतला जातो," काकू म्हणाल्या. "माझ्या निखिलला सोमवारी शाळेत जावं लागायचं."

त्या रात्रीच्या जेवणाला त्यांच्या शेजारी कुणी बसलं नाही. त्यांनी सावर क्रीमचं श्रीखंड दोनदा वाढून घेतलं आणि सावकाश संपवलं. मला डॉर्मवर सोडायला कोण जातंय अशी चर्चा सुरू झाली, तेव्हा त्याच म्हणाल्या, "ही माझ्या रस्त्यावर आहे." नंतर कळलं, मी त्यांच्या रस्त्यावर अजिबात नव्हते.

त्यांना सगळे लंडनकाकू म्हणायचे आणि त्या दर वेळी दुरुस्त करायच्या. "लेस्टर. लंडनला मी दोनदाच गेले, दोन्ही वेळा व्हिसासाठी." काका कापड गिरण्यांच्या यंत्रांचे इंजिनियर. लग्न होऊन त्या लेस्टरला गेल्या, अकरा वर्षं तिथे एका मोजे विणायच्या कारखान्यात काम केलं, आणि काकांना इकडे नोकरी लागली तेव्हा कॅरीला आल्या. इथे त्या पब्लिक लायब्ररीत कामाला होत्या. त्या दिवशी गाडीत त्यांनी मला सांगितलं, की लॉन्ड्रीची ती मालिका तिकडे दर शुक्रवारी लागायची. सोमवारी कारखान्यातला सुपरवायझर त्यांना मिसेस गुप्टा म्हणून हाक मारायचा आणि शाळेत मुलं निखिलला घेरून हात जोडायला लावायची. "आणि वर म्हणायचे, तुम्हाला विनोद कळत नाही. मला विनोद कळत नाही?" एवढं बोलून त्यांनी इतक्या जोरात ब्रेक मारला, की मी डॅशबोर्डला हात टेकले. सिग्नल लाल होता, हे मला उशिरा कळलं.

विनोद त्यांना किती कळतो हे मी पुढच्याच शनिवारी पाहिलं. संध्याकाळी जेवायला ये म्हणाल्या. गेले तर कॉर्नफ्लेक्सच्या चिवड्याचा डबा मांडीवर घेऊन त्या टीव्हीसमोर बसलेल्या, आणि टीव्हीवर चक्क जुनी ब्रिटिश कॉमेडी! लोकांच्या देणग्यांवर चालणारं आमच्याकडचं एक चॅनेल दर शनिवारी अशा कॉमेड्या दाखवायचं. ही छत्र्यांच्या दुकानाची होती. दुकान दोन म्हाताऱ्या भावांचं. दोघांनी एकमेकांशी बोलणं टाकलेलं, त्यामुळे प्रत्येक भाऊ गिऱ्हाइकाला म्हणायचा, "त्या गृहस्थांना सांगा, त्यांनी चहात साखर घातलेली नाही." काकू हसायला लागल्या की आधी आवाज यायचा नाही. नुसते खांदे हलायचे. मग चष्मा काढायच्या, मग डबा बाजूला ठेवायच्या, आणि मग जो आवाज फुटायचा तो ऐकून काका आतल्या खोलीतून ओरडायचे, "अगं, शेजारी पोलीस बोलावतील!"

मी विचारलं, "काकू, तुम्हाला तर यांचा राग आहे ना?"

"कुणाचा? या दोघांचा? यांनी माझं काय वाकडं केलंय?" त्या डोळे पुसत म्हणाल्या. "माझे दोन्ही दीर असेच आहेत. एक ऐक. कशाला हसायचं ते माझं मी ठरवणार. लेस्टरवाल्यांनी सांगायचं नाही आणि मंडळानेही सांगायचं नाही."

त्यानंतर सहा-सात वर्षं माझे शनिवार तिथेच गेले. एम.एस. संपलं, पीएच.डी. सुरू झाली, आणि छत्रीवाले भाऊ मला सख्ख्या काकांसारखे ओळखीचे झाले.

अमेरिकन लोकांची एक गंमत काकूंना कळली होती. उच्चार इंग्लंडचा असला की यांना सगळंच उच्च वाटायचं. लायब्ररीतल्या त्यांच्या मैत्रिणी ब्रिटिश कॉमेडीबद्दल ऑपेराबद्दल बोलावं तशा बोलायच्या. "पँट घसरली तरी म्हणतात, किती सटल!" काकू मला सांगायच्या. त्यामुळे त्या चॅनेलने एक दिवस शनिवारच्या जोडीला शुक्रवारीही ब्रिटिश कॉमेडी सुरू केली आणि तीत नेमकी ती लॉन्ड्रीवाली मालिका निघाली, तेव्हा कॅरीत कुणाला काहीच खटकलं नाही. काकूंनी चॅनेलच्या मॅनेजरला तीन पत्रं लिहिली. तिसऱ्याला उत्तर आलं. मालिका अभिजात आहे, ती आपल्या काळाचं चित्र आहे, आणि आपल्या आस्थेबद्दल आभारी आहोत.

"आभारी आहेत," काकू म्हणाल्या. "बघते."

त्या चॅनेलचा वर्षातून एक आठवडा देणग्या गोळा करण्याचा असायचा. स्टुडिओत टेबलं मांडून स्वयंसेवक फोन घ्यायचे आणि मधूनमधून निवेदक त्यांच्याशी गप्पा मारायचा. सगळं थेट प्रक्षेपण. काकू दर वर्षी एक संध्याकाळ फोनवर बसायच्या. त्या वर्षी त्यांनी शुक्रवार मागून घेतला, आणि एरवी पँट घालून जाणाऱ्या काकू त्या दिवशी मोरपंखी साडी नेसून गेल्या. मी आणि काका घरी टीव्हीसमोर बसलो होतो. काकांना काहीतरी घडणार हे माहीत होतं. ते चहा गार करत बसले होते.

साडीमुळे निवेदक बरोबर त्यांच्यापाशी आला. हसऱ्या चेहऱ्याने म्हणाला, "मला कळलंय की आपण इंग्लंडमध्ये राहिलेल्या आहात. म्हणजे आमची शुक्रवारची नवी मालिका तुम्हाला घरच्यासारखी वाटत असेल!"

"अगदी घरच्यासारखी," काकू त्यांच्या लेस्टरी इंग्रजीत म्हणाल्या. "तुमच्या त्या नटाला रंग लावून माझ्या नवऱ्यासारखं केलंय. फक्त माझा नवरा दिसायला बरा आहे."

निवेदक हसला. त्याला वाटलं, झालं. त्याने माइक मागे घ्यायला सुरुवात केली, तर काकूंनी माइक धरला. "मी शनिवारी तुमच्या कॉमेड्या बघून रडेपर्यंत हसते. मला विनोद कळतो. म्हणून सांगते, हा विनोद नाही. माझ्या मुलाला शाळेत यावरून मारलंय. हे बंद करा, मी आठवडाभर रोज तुमचे फोन घेते." मग त्यांनी माइक सोडला, समोरचा वाजणारा फोन उचलला आणि म्हणाल्या, "गुड इव्हनिंग, आपलं नाव सांगता?"

काकांनी गार चहा एका घोटात संपवला. "दिसायला बरा," ते स्वतःशीच म्हणाले.

मालिका बंद झाली नाही. ठरलेले सगळे भाग दाखवले गेले. पुढच्या वर्षी चॅनेलने काकूंना कळवलं, की स्वयंसेवक पुरेसे आहेत. मंडळात तर फारच कुजबुज झाली. अध्यक्ष घरी येऊन म्हणाले, "वहिनी, आपण इथे पाहुणे आहोत. एवढं ताणायचं नसतं." काकू म्हणाल्या, "पाहुण्यांच्या तोंडाला काळं फासत नाहीत कुणी. चहा घेणार का?" अध्यक्षांनी चहा घेतला नाही. त्या वर्षी गणपतीच्या आमंत्रणाचं पत्र काकूंकडे आलं नाही. तरी त्या गेल्या, आरतीला पहिल्या रांगेत उभ्या राहिल्या आणि नेहमीप्रमाणे सगळ्यांपेक्षा वरच्या पट्टीत त्यांनी ती म्हटली.

मग वारं फिरलं. ते कधी फिरलं हे मला नेमकं सांगता येणार नाही. मुलं मोठी झाली, कॉलेजात गेली, तिथे त्यांना वंशवाद, वसाहतवाद असे शब्द मिळाले, आणि सुट्टीत ते शब्द घेऊन ती घरी आली. निखिलही आला. वीस वर्षांचा, दाढी राखलेला, आईशी इंग्रजीत बोलणारा. दशक संपत आलं होतं तेव्हा मंडळाने तरुण मुलांचा एक परिसंवाद ठेवला. मुलं छान बोलली. निखिलने लॉन्ड्रीच्या मालिकेवरच बोलून शेवटी म्हटलं, की असली सगळी जुनी ब्रिटिश कॉमेडी कचऱ्यात टाकायला हवी आणि प्रत्येक घरातून या कॅसेट्स गेल्या पाहिजेत. टाळ्या पडल्या. सगळ्यात आधी टाळ्या वाजवल्या अध्यक्षांनी. उठून म्हणाले, "मला अभिमान आहे, की आपल्या मंडळात असल्या गोष्टींना कधीच थारा नव्हता."

लंडनकाकू उभ्या राहिल्या.

"होता की," त्या म्हणाल्या. "तुमच्याच दिवाणखान्यात होता. कॅसेट तुम्ही न्यू जर्सीहून आणली होती. सगळे हसला होतात."

निखिल इंग्रजीत म्हणाला, "आई, प्लीज."

"तूही ऐक. छत्रीवाल्यांना मी कचऱ्यात टाकणार नाही. वाईट काय आणि चांगलं काय हे निवडायचे कष्ट नकोत म्हणून सगळंच टाकायचं, हे मला मान्य नाही." मग त्यांचा आवाज खाली आला. "आणि अध्यक्षांना एकट्यांना नको बोलायला. निखिल आठ वर्षांचा होता. शाळेच्या कार्यक्रमात त्याला मिस्टर गुप्टा केलं होतं. बाई म्हणाल्या, याला रंग लावायला नको. सगळे पालक हसले. निखिलने हात जोडले, ते वाक्य म्हटलं, तेव्हा मीसुद्धा हसले. सगळे हसतात म्हणून हसले. आधी ते कबूल करा, मग निषेध करा. मी केलंय."

त्या खाली बसल्या. शेवटी कुणीतरी चहा तयार असल्याचं जाहीर केलं.

कार्यक्रमानंतर काकू आणि मी हॉलच्या स्वयंपाकघरात पातेली घासत होतो, तेव्हा निखिल आत आला. टॉवेल घेऊन पातेली पुसायला लागला. दोन-तीन पातेली झाल्यावर म्हणाला, "आय नो, आई. मला दिसलं होतं. मी स्टेजवरून तुलाच शोधत होतो. तू हसलीस, म्हणून मी ते परत केलं."

काकूंनी नळ बंद केला. हाताला साबण तसाच. "ते वाईट होतं, निखिल," त्या म्हणाल्या. "तू छान केलंस, पण ते वाईट होतं. मी त्याच दिवशी उठून तुला खाली आणायला हवं होतं."

"नंतर प्रत्येक वेळी उठलीस ना," तो म्हणाला. "टीव्हीवर सुद्धा. माझ्या सगळ्या फ्रेंड्सनी बघितलं. सो एम्बॅरसिंग."

काकूंचे खांदे हलायला लागले. मला आधी वाटलं रडतायत. मग त्यांनी साबणाच्या हातानेच चष्मा काढला.

"पण ते छत्रीवाले फनी नाहीत," निखिल म्हणाला.

"तुला कळायला अजून वीस वर्षं आहेत," काकू म्हणाल्या आणि त्याच्या हातात पुढचं पातेलं दिलं.

त्याच वर्षी मला देशाच्या दुसऱ्या टोकाला, क्युपर्टिनोला नोकरी लागली. काकू विमानतळावर सोडायला आल्या. मी रडवेली झाले होते. त्या माझ्या पर्सची चेन लावत होत्या. म्हणाल्या, "तिकडे ऑफिसात कुणीतरी आपल्या लोकांची नक्कल करेल. सगळे हसतील, आपलेही हसतील. तू हसू नकोस. ते म्हणतील ही फार सेन्सिटिव्ह आहे, हिच्याशी जपून बोला. म्हणू देत."

काकू जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांनी सांगितलेला माणूस मला नोकरीच्या तिसऱ्याच आठवड्यात भेटला होता. कॉन्फरन्स रूममध्ये, दुपारच्या जेवणाला. नक्कल चांगली केली त्याने. टेबलाभोवती आठ जण होते, त्यात आम्ही तिघे भारतीय. सात जण हसले. मी त्याच्याकडे बघत राहिले आणि विचारलं, "यात हसण्यासारखं काय आहे, मला समजावून सांगशील?" त्याने प्रयत्न केला. सांगता सांगता त्याचे कान लाल झाले. त्या दिवसापासून त्या ऑफिसात माझ्याशी सगळे जपून बोलायचे. मी बोलू दिलं.