गलेफ आधी छापून आला

धर्माच्या पानावर बसण्यासाठी पेपरच्या कचेरीत दोघं भांडत होते आणि दोघांनाही आपापलाच देव वर हवा होता. संपादक आण्णांनी दोघांना हाकललं आणि मुरगूडच्या प्रसेनजीतला बोलावलं. बौद्धाघरचं पोरगं, शिकलेलं. "तुला कुठल्याच देवाची घाई न्हाय. तूच बघ," म्हणाले.

त्यानं बघितलं. यात्रा, उरूस, पारायण, जैनांचं पंचकल्याणक, सगळ्यांचा प्रसाद खाऊन अंगानं गोलमटोल झाला. खेड्यांत जाणारा अंक सांजच्यालाच छपाईला जायचा, त्यामुळं रात्रीची मिरवणूक प्रसेनजीत दुपारीच 'उत्साहात' काढून मोकळा व्हायचा. एकदा न आलेल्या महाराजांचं कीर्तन अंकात रंगलं, तेव्हा आण्णांनी दम भरला होता: पुन्हा असं झालं, तर गुळाचे भाव लिहायला बसवीन.

आणि दोन हजार तीनच्या उरुसाला मुरगूडपलीकडच्या गावातनं सकाळीच दर्ग्याच्या मुजावर निसारचा फोन. पीरावर चढवायचा गलेफ, म्हणजे चादर, रात्री मिरवणुकीनं निघालाच न्हवता. पुढं कुणी धरायचा यावरनं गणपतराव आणि गुंडू, दोघांच्या भावक्या अडून बसलेल्या. अंकात मात्र दोघांनी खांद्याला खांदा लावून गलेफ चढवलेला.

प्रसेनजीतनं गाडीला किक मारली. गुळाची ढेप डोळ्यांपुढं नाचत होती.

पानपट्टीवर गणपतराव अंक पसरूनच बसलेले. "पावणं, म्या ह्या गुंड्याला खांदा कवा लावला?"

"काल न्हाय लावला," प्रसेनजीत म्हणाला. "पर पेपर आजचा हाय की. सांजपतोर लावा."

शेजारी उभा गुंडू फिसकन हसला, पण बातमी खोटी पाडायची त्यालाही न्हवती. कारण कागलच्या व्याह्यांनी बातमी वाचून त्याचं फोनवर कौतुक केलं होतं. गणपतरावांचे नेसरीचे पावणे तर जीप करून निघालेले. आमी भांडलो, हे त्यांना कोण सांगणार? उन्हं कलायच्या आत गलेफ निघाला. दोघं असे चिकटून चालले, की निसारला मधनं ऊद फिरवता येईना.

"उरूस झाला न्हवं रं?" आण्णांनी परतल्यावर विचारलं.

"झाला की," तो म्हणाला. पहिल्यांदाच तो खरा बघून आलेला.

पुढच्या वर्षी उरुसाआधीच दोघं कचेरीत हजर. "आधी बातमी लिवा. मग आमी तसं उभं ऱ्हातो," गणपतराव म्हणाले. गुंडू मान हलवत होता. फक्त नाव पयलं कुणाचं, एवढंच ठरायचं होतं.

ते सांजपर्यंत ठरलं न्हाई. प्रसेनजीत शेवटी उठला, आण्णांच्या दारात गेला आणि गुळाचे भाव लिहायला माणूस मिळाला का, म्हणून विचारू लागला.