निसरपुरच्या मोहल्ल्याचा दुवा

आज सकाळी विकिपीडियावर लेखातल्या नेमक्या विभागाचा दुवा द्यायला शिकले. पानाच्या पत्त्यापुढे # लावून विभागाचं शीर्षक जसंच्या तसं लिहायचं, फक्त दोन शब्दांमध्ये _ टाकायचं.

आत्याच्या गावावरच्या, निसरपुरच्या लेखात 'बुडालेले मोहल्ले' असा विभाग होता. त्यात आत्याच्या मोहल्ल्याचं नाव होतं. घर धरणाच्या पाण्यात गेल्यापासून ती देवासला आमच्याकडे राहते. दुवा तपासून तिला पाठवला. तिनं तो न उघडताच जुन्या शेजारणींना पुढे पाठवला.

दुपारी त्यातल्या एकीचा तक्रारीचा फोन आला. मग आत्यानं दुवा उघडून पाहिला.

"अगं, हे तर वरूनच सुरू होतंय. लोकसंख्या, पिनकोड. आमचा मोहल्ला कुठंय?"

"खाली सरकव."

"आखिरपर्यंत गेले. नाहीये, बाई."

पानाचा इतिहास पाहिला. 'संदर्भ नाही' म्हणून कुणीतरी मधल्या वेळात तो विभाग काढला होता. विभाग गेला तरी दुवा चूक दाखवत नाही. तो मुकाट्यानं लेखाच्या सुरुवातीला नेऊन सोडतो. आत्याला कारण सांगितलं.

"पोराच्या लग्नपत्रिकेवर पूरा पत्ता छापलाय. ती नाही चालत संदर्भाला?"

"नाही, आत्या."

"मोहल्ला पाण्यात गेला तेव्हा निदान दिसत तरी होता."

तिनं फोन उलटा ठेवला. तो अजून वाजतोय.

त्या मोहल्ल्याचं नाव असलेलं पुस्तक किंवा वर्तमानपत्राचं कात्रण तुमच्यापैकी कुणाकडे आहे का?