भजन थांबलं तेव्हा

मी मुळात भित्रा माणूस. त्यात भाजीच्या फेऱ्या मारणारा, त्यामुळे गाडीचा आवाज जरा बदलला की मला नाही नाही ते दिसू लागतं. आमच्या पिकअपच्या पुढच्या डाव्या चाकाचं बेअरिंग दिवाळीच्या तोंडावरच बदललं होतं. आता वर्ष-दोन वर्षं तरी पाहायला नको, असं वाटलं होतं. पण शिवरात्रीच्या आठवड्यात, सेवाग्रामजवळच्या आमच्या गावाहून वर्ध्याच्या बाजारात जाताना पुन्हा घूंऽऽ असा आवाज येऊ लागला. बेअरिंग तर नवं, मग दोष टायरचाच, असं धरून मी टायर बदलला. आवाज काही जाईना. पुन्हा खर्च निघणार या धास्तीनं रात्र रात्र हिशेब मांडत बसायचो. "महादेवा, एवढा आवाज घालव," असं रोज म्हणायचो.

शिवरात्रीला भजनी मंडळातल्या बायकांना टेकडीवरच्या महादेवाला न्यायचं मी कबूल केलं होतं. गाडीच्या मागच्या हौद्यात त्यांच्यासोबत माझी आई होती, बायको होती, तिच्या मांडीवर आमची लहानगी लेक होती. गाडी निघाली, टाळ-ढोलकी सुरू झाली, आणि तो आवाज ऐकूच येईना! देवानं ऐकलं, असं समजून मी मनोमन हात जोडले.

नाल्याच्या उताराआधी समोरून अंत्ययात्रा आली. मी वेग कमी केला. मागून आईचा आवाज आला, "थांबा वो बायांनो, मयत हाय." टाळ थांबले, बायकांनी डोक्यावर पदर घेतले. त्या शांततेत मला चाक ऐकू आलं. आता ते नुसतं घुमत नव्हतं, लोखंडावर लोखंड घासत होतं. गाडी कशीबशी कडेला घेतली.

अंत्ययात्रेच्या शेवटी चालणारा एक माणूस मागे वळला. "काऊन थांबला, भाऊ?" असं म्हणत त्यानं चाकाजवळ हात नेला आणि झटकन मागे घेतला. "आग होऊन राह्यली. गाडी कडेला येतानी चाक कसं डगमगत होतं! बाया उतरव पयले. उतारावर निखळलं असतं ना हे." एवढं बोलून तो आपल्या माणसांमागे धावला. पुढे बिनकठड्याचा पूल दिसत होता. मी बायकांना उतरवलं आणि लेकीला छातीशी धरलं.

वर्ध्याच्या मिस्त्रीनं चाक उघडलं. "बेरिंग नवी होती, पन हब, म्हंजे बेरिंग जिच्यात बसते ते घर, जुनंच, घासलेलं. त्यानंच नवी बेरिंग खाल्ली," तो म्हणाला. हब, बेअरिंग, सील, सगळं बदलावं लागलं. भाजीच्या कितीतरी फेऱ्यांची कमाई त्यात गेली. एरवी मी घासाघीस केली असती. त्या दिवशी त्यानं मागितले तेवढे मोजून दिले.

जो आवाज घालव म्हणून मी विनवत होतो, तोच मला ऐकू येणं गरजेचं होतं. काय मागावं एवढीही अक्कल मला नाही, म्हणून आता मागणंच सोडलं आहे. भीती अजून आहे. ती महादेवाच्या पायाशी ठेवतो आणि गाडी सुरू करतो. पण त्या दिवशी कुणाच्या तरी घरी रडारड होती म्हणून माझं घर वाचलं, हे मनातून जात नाही.

पुढच्या सोमवारी मी एकटाच टेकडीवर जाऊन अभिषेकाला बसलो. पुजाऱ्यानं विचारलं, "कोनाच्या नावानं करू?"

"नाव मले नाई माहीत, महाराज," मी म्हटलं. "शिवरात्रीले खालच्या रस्त्यानं ज्याले नेलं, त्याच्या नावानं करा."