घरासाठी एक सूप

अर्जुनी मोरगावच्या आठवडी बाजारात एक म्हातारी बांबूची सुपं विणत बसायची. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. एके वर्षी तिच्या शेजारीच गोंदियाच्या एका माणसाने परदेशी प्लॅस्टिक मालाचं दुकान मांडलं. त्यात लाल-निळी सुपंही होती, निम्म्या किमतीत. स्वस्त दिसलं की माझा हात आवरत नाही. मीही एक घेतलं.

तिने ते माझ्या हातातून ओढलंच. त्यात कोंडा मिसळलेले मूठभर तांदूळ टाकून पाखडले. गुळगुळीत प्लॅस्टिकवरून कोंड्यासोबत तांदूळही मातीत गेले. मग तिने स्वतःचं सूप उचललं. कोंडा उडाला, दाणे विणीला धरून राहिले.

"त्याचं सूप इकायले चांगलं, माजं पाखडायले," ती म्हणाली.

मी तिचं सूप घेतलं. बाजार उठताना तो दुकानदार तिच्यापुढे आला आणि हळूच म्हणाला, "अम्मा, एक सूप देना. घर के लिए."

तिने कमरेवर हात ठेवले आणि साऱ्या बाजाराला ऐकू जाईल असं विचारलं, "काऊन गा, तुज्या दुकानातले सरले का?"