भिंतीखालचे चार स्क्रू

वर्तमानपत्राच्या चौकोनी घडीवर एका रांगेत मांडलेले चार स्क्रू मला अजून दिसतात.

नागपुरातल्या एका श्रीमंत चित्रसंग्राहकाच्या बंगल्यातून कोळशाने काढलेलं एक चित्र चोरीला गेलं होतं; तपास माझ्याकडे होता. डोंगरावरच्या लष्करी चौकीचं. रिकामी फ्रेम भिंतीखाली होती, शेजारी ते स्क्रू. कॅमेऱ्यात दोघंच दिसत होते: घरचा आचारी आणि संग्राहकाचे जुने मित्र, शौर्यपदक मिळालेले एक निवृत्त कर्नल. कर्नलसाहेबांवर संशय घेणं मला सुचलंही नाही. आचाऱ्याला ठाण्यात आणलं आणि विचारपूस करण्याआधीच त्याच्या कानाखाली मारली.

"मले काहून मारता, साहेब? मी तं पोळ्या करून राहिलो होतो," तो म्हणाला. "अन् मी नेलं असतं तं फ्रेमसकट नेलं असतं. हे असं मांडून ठेवाले मले टाईम कुठी होता?"

हे मला घटनास्थळीच कळायला हवं होतं. त्याला सोडलं आणि जबाब घ्यायला मनीषनगरला कर्नलसाहेबांकडे गेलो. ते टेबलफॅन दुरुस्त करत होते. समोर वर्तमानपत्राची चौकोनी घडी. तिच्यावर स्क्रू, एका रांगेत.

"चित्र कुठे आहे, सर?"

"कामठीला. ज्या जवानाने काढलं, त्याच्या आईकडे." त्यांनी हातातला स्क्रू रांगेत ठेवला. "त्याने मला दिलं, मी मित्राला दिलं. पुढे पोरगा चकमकीत गेला. आईने त्याच्या हातचं काहीतरी मागितलं. मित्र म्हणाला, दिलेली वस्तू परत मागतात का?"

"गैरसमजातून नेलं, असं लिहू?"

"नाही. चोरून नेलं. तसंच लिहा."

तसंच लिहिलं. कामठीला जाऊन पंचनामा केला, चित्र जप्त केलं. म्हातारीने ते स्वतःच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून दिलं. "न्या बापा. पाहून झालं माह्या लेकाचं."

चित्र ओळखायला संग्राहक ठाण्यात आले. "हे लुगडं कोणाचं?" मी सांगितलं. ते बराच वेळ लुगड्याची घडी घालत बसले.

न्यायालयाने चित्राचा ताबा त्यांना दिला. ते थेट कामठीला निघाले. खटला संपेपर्यंत चित्र कोणाला देता येणार नाही, अशी समज मी दिली.

"देत नाही. ताबा माझाच. भिंत फक्त तिची."

पुढे न्यायालयाच्या परवानगीने दोघा मित्रांत तडजोड होऊन खटला मिटला. चित्र म्हातारीच्याच भिंतीवर राहिलं.

मग मी आचाऱ्याच्या घरी माफी मागायला गेलो. त्याने ऐकून घेतलं, खुर्ची दिली.

"कर्नलसाहेबाले बी मारली होती का, साहेब?"

"नाही," मी म्हणालो.

त्यानंतर नोकरीत होतो तोवर चौकशीत कोणावर हात उचलला नाही, आणि पदक पाहून कोणाला संशयातून वगळलंही नाही.