भिकुबाईंची जबानी

धुळ्याच्या तोताराम मास्तरांनी निवृत्तीनंतर घराच्या पुढच्या दोन खोल्यांत लोककथांचं संग्रहालय मांडलं होतं. गोष्टींमध्ये येणारी सुपं, जाती, घुंगरांच्या काठ्या त्यांनी गावोगावहून आणून भिंतीशी ठेवल्या होत्या, आणि कपाटात गोष्टींच्या चाळीसेक वह्या. त्यातली एक अख्खी वही भिकुबाईंची. पांझरा नदीकाठच्या खेड्यातली ही पन्नाशीची विधवा शेतात राबायची आणि आईकडून ऐकलेल्या गोष्टी सांगायची. मास्तरांनी दोन वर्षं तिच्या ओट्यावर बसून त्या लिहून घेतल्या होत्या.

आपल्या गोष्टी राहतात कुठं ते बघायला ती पहिल्यांदा आली, तो बेचाळीसचा भाद्रपद होता. गावोगाव धरपकड चालली होती. मास्तरांनी तिच्या हातात तिची वही ठेवली. तिला अक्षर येत नव्हतं. ती नुसती पानांवरून बोट फिरवत होती. तेवढ्यात फौजदार दोन शिपाई घेऊन आत आला.

"इथं सरकारविरुद्ध लिखाण होतं अशी खबर आहे."

शिपायांनी कपाट उपसलं. फौजदारानं भिकुबाईंच्या हातातली वही काढून घेतली, चाळली आणि एका पानावर थांबला. तो याच मुलखातला. अहिराणी त्याला कळत होती.

"राजाला गावानं नदीपार हाकलला. मास्तर, हा राजा कोण?"

"जुनी गोष्ट आहे, साहेब. या अक्कांनी सांगितलेली," मास्तर बोलून गेले, आणि आपण काय केलं ते कळून त्यांचा चेहरा उतरला.

फौजदार खुर्ची ओढून बसला. "बाई, सांगा बघू. वहीतल्यासारखी निघाली तर गोष्ट तुमची. फरक पडला तर मास्तरांनी रचलेली, मग त्यांना घेऊन जातो."

मास्तर घाईनं म्हणाले, "अक्का, आठवत नसेल तर तसं सांगा. माझी काळजी करू नका."

शेवट गाळला तर मास्तर तुरुंगात. सांगितला तर आपण. तिनं पदर खांद्यावर ओढला.

"माले बठ्ठं आठवस," ती म्हणाली, आणि सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगू लागली.

राजानं हुकूम काढला: घरी कुणी दळायचं नाही, राजवाड्यातच दळायचं आणि अर्धं पीठ तिथंच ठेवायचं. फौजदाराचं बोट ओळीवरून सरकत होतं. लेकरं उपाशी राहू लागली. मग गावातल्या बायांनी आपापल्या जात्याच्या तळ्या, म्हणजे खालचे जड दगड, डोक्यावर घेतल्या आणि राजवाड्याच्या दाराशी रचल्या. आत माणूस जाईना, बाहेर येईना. इथं ती थांबली. फौजदारानं मान वर केली. दारातला शिपाई श्वास रोखून ऐकत होता.

"मंग?" फौजदार म्हणाला. त्याच्या तोंडून गावची बोली निघून गेली होती.

तिनं शेवट सांगितला. राजा मागच्या खिडकीतून उतरला. गावानं त्याला नदीपार घालवला, आणि तो परत आला नाही.

फौजदाराचं बोट शेवटच्या ओळीखाली थांबलं होतं.

"राजाचं नाव काय?"

"राजानं नाव गोष्टमा नही शे, साहेब. मन्ही मायनी जशी सांगी, तशीच मी सांगी."

फौजदारानं जबानी लिहवून तिचा अंगठा घेतला, वही काखेत मारली आणि मास्तरांना तिथंच सोडून निघून गेला.

पुढं तीनदा तिला धुळ्याच्या चौकीवर बोलावणं आलं. मुलगा अभिमन चिडायचा, "धुळ्याला जायचंच कशाला?" ती दर वेळी जाऊन तीच गोष्ट तशीच सांगून यायची. अखेर बोलावणी थांबली. वही मात्र परत मिळाली नाही.

त्या दिवाळीनंतर ती बाजाराच्या दिवशी मास्तरांकडे जाऊ लागली आणि सगळ्या गोष्टी पहिल्यापासून सांगू लागली. लिहून झालं की मास्तर वाचून दाखवायचे. एकदा त्यांनी 'दगड रचले' असं वाचलं.

"दगड नही," तिनं त्यांना थांबवलं. "तळ्या लिखा."

मास्तरांनी शब्द खोडला आणि तळ्या लिहिलं.